एरुएरा आहे त्या जागेचे नाव

रॉकेलवर चालणारा पितळी स्टोव्ह मी, मित्रांनो, आणि आता बराच म्हातारा झालो आहे. माझ्या जातीचे स्टोव्ह तुमच्याकडेही एके काळी घरोघर होते. तीच गोल टाकी, तेच तीन पाय, बाजूला पंप, डोक्यावर बर्नर आणि तोच फुरफुरणारा आवाज. तुमच्याकडच्या स्टोव्हांनी भात शिजवला, दूध तापवले. माझे पहिले काम बर्फ वितळवण्याचे. जिथे पाणी कुऱ्हाडीने फोडून आणावे लागते अशा मुलखात मी राहिलो.

माझा जन्म स्वीडनमधल्या एका कारखान्यातला. पितळेचा पत्रा साच्यात दाबून माझी टाकी केली, तीत हवा भरून मला पाण्यात बुडवले, आणि एकही बुडबुडा आला नाही तेव्हा तपासणाऱ्या बाईने मान डोलावून मला पुढे सरकवले. एवढेच माझे बालपण. मग पेंढ्यात गुंडाळून मला जहाजात चढवले, ते थेट न्यूझीलंडच्या दक्षिणेला डनीडिन बंदरात उतरवले. तिथून अंटार्क्टिकाला निघालेल्या एका मोजणीच्या तुकडीत माझी भरती झाली.

तुकडी तीन माणसांची. प्रमुख होता ऑस्विन थर्लो. पन्नाशीचा, उंच, ओठ आवळून बोलणारा. डोंगर दिसला की तो आधी त्याचा कोन मोजायचा आणि मग त्याच्याकडे बघायचा. दुसरा डेस्मंड पिरी, दगडांचा अभ्यास करणारा. तो दिवसदिवस बोलत नसे. दगड ठेवायच्या पिशव्या संपल्या तेव्हा त्याने स्वतःचे मोजे काढून त्यांत दगड भरले. तिसरा एरुएरा. हा अगदी दक्षिण टोकाच्या ब्लफ गावचा माओरी तरुण, कालवांच्या बोटींवर वाढलेला. बर्फावरून वाट शोधणे, दोर बांधणे आणि स्वयंपाक ही त्याची कामे. त्याच्या घरची माणसे दर शरदात टीटी नावाच्या समुद्रपाखरांची पिल्ले धरायला एका निर्जन बेटावर जाऊन राहत. तिथे त्याने लहानपणापासून माझ्यासारखेच स्टोव्ह पेटवले होते. त्यामुळे मी त्याच्याकडे गेलो.

मित्रांनो, मला त्याच्याइतके कुणी ओळखले नाही. थंडीने माझ्या पंपातला चामड्याचा वायसर सुकून आखडायचा आणि कितीही पंप मारला तरी हवा भरायची नाही. अशा वेळी थर्लो वैतागायचा. एरुएरा मात्र वायसर काढून गालात धरायचा, मऊ होईपर्यंत चघळायचा, त्याला लोणी चोळायचा आणि परत बसवायचा. "चव कशी आहे?" असे पिरीने एकदा विचारले. "तुझ्या पेजेपेक्षा बरी," एरुएरा म्हणाला. आदल्या दिवशी पिरीने ओटची पेज करपवली होती.

आम्ही घसरगाडी ओढत एका हिमनदीवरून उतरलो आणि तिच्या टोकाशी येऊन थबकलो. समोर बर्फ संपला होता. हिमनदी एखाद्या भिंतीसारखी उभी तुटली होती आणि तिच्या पायथ्यापासून एक मोठे, तपकिरी, उघडे खोरे लांबवर पसरले होते. त्यात बर्फाचा कणही नव्हता. दोन्ही अंगांना कातळाचे उंच कडे, मधे वाळू आणि वाऱ्याने घासून पोकळ झालेले धोंडे. तळाशी गोठलेले खारे तळे होते. उन्हाळ्याचे थोडे दिवस हिमनदीच्या पायथ्याशी एक ओढा सुटायचा आणि समुद्राकडे पाठ फिरवून त्या तळ्यात जाऊन जिरायचा. आत कुठेतरी एक सील वाळून पडलेला होता, समुद्रापासून इतक्या दूर, कातडीसकट. तो किती काळापूर्वी वाट चुकून आला होता, हे पिरीलाही सांगता येईना.

आणि वारा. वरच्या बर्फाच्या पठारावरून तो खाली कोसळायचा आणि तंबूला धरून हलवायचा. पडलेला बर्फ तोच उडवून न्यायचा, म्हणून ते खोरे कोरडे होते. मी माझ्या परीने मोठा आवाज करणारा आहे, पण त्या वाऱ्यापुढे माझे काही चालत नसे.

त्या खोऱ्याला तेव्हा नाव नव्हते. विमानातून काढलेल्या एका फोटोत ती काळपट रेघ होती, एवढीच त्याची ओळख. थर्लो शिखरांना नुसती अक्षरे देत असे. हा क, तो ख. नावांचे नंतर बघू, असे त्याचे म्हणणे. न्यूझीलंडमध्ये नावे ठरवणारी एक समिती होती. तिचा नियम असा, की ध्रुवाच्या मुलखात ज्याने काही काम केले त्याचे नाव द्यावे, नाहीतर जागेच्या रूपावरून द्यावे. ज्याला त्याला आपल्या घरच्यांची नावे वाटत सुटता येणार नाही.

एरुएराला हे पटत नव्हते. जेवायला बसले की तो माझ्यावर पातेले ठेवता ठेवता म्हणायचा, की आमच्या बेटावर कमरेएवढ्या खडकालासुद्धा नाव आहे, आणि इथे एवढा डोंगर बिचारा 'क' म्हणून उभा आहे. एका संध्याकाळी (संध्याकाळ म्हणायची घड्याळावरून, सूर्य मावळतच नव्हता) वारा फार सुटला. तंबूचे कापड फडाफडा वाजत होते. एरुएरा हात शेकत म्हणाला,

"मला नाव सुचलं. मेरेहाना."

"ही कोण?" थर्लोने विचारले.

"माझी आई. ऐका ना. उठल्यापासून चालूच आहे. कारण लागत नाही, कुणी समोर लागत नाही. झोपलो तरी चालू."

पिरी खो खो हसला. थर्लोनेही ओठ सैल केले. "आणि समितीला काय सांगू? एका पोराची आई फार बोलते म्हणून?"

"सांगा की, कप्तान. खोटं थोडंच आहे? आणि एक सांगू, ती गप्प बसली की मलाच चैन पडत नाही. घरात काहीतरी बिनसलं असं वाटतं."

थर्लोने अर्थातच ते नाव कुठे लिहिले नाही. पण त्या दिवसापासून तंबूत ते रुळले. बाहेरून आलेला माणूस अंग झटकत म्हणायचा, मेरेहाना आज तापली आहे. वारा उतरला की म्हणायचे, मेरेहाना चहा प्यायला बसली.

मोजणी पुरी झाली. वारा पडला तसे आम्ही सामान बांधून हिमनदीवर परत चढलो. विमान उतरण्याजोगी सपाट जागा वर होती. तिघे एका दोराला बांधलेले, एरुएरा पुढे, काठीने बर्फ टोचत. एका ठिकाणी घसरगाडीचा एक पाय बर्फाच्या कपारीत अडकला. तिघांनी ओढून पाहिले, हलेना. दोरामुळे एरुएराला वळसा घालून मागे जाता येत नव्हते. त्याने कमरेचा दोर सोडला, गाडीच्या मागे गेला आणि खांदा लावला. गाडी सुटली. त्याच धक्क्याने त्याच्या पायाखालचा बर्फ खचला.

ओरडण्याइतकाही वेळ त्याला मिळाला नाही. बर्फाला एक निळी फट पडली होती आणि तिचा तळ दिसत नव्हता.

त्यांनी फटीत दोर सोडला. थर्लो पालथा पडून हाका मारत राहिला. एकदा खालून काहीतरी उत्तर आले, असे दोघांनाही वाटले. पिरीने मला गाडीतून काढले. थंडीने काकडा पेटायला फार वेळ लागला. वर आल्यावर एरुएराला गरम काहीतरी लागेल म्हणून त्याने कोको केला आणि कप फटीच्या काठावर, हात पोचेल असा ठेवला. पिरी दोराला बांधून घेऊन खाली उतरला, दोर संपेपर्यंत गेला आणि एकटाच वर आला. कपाच्या तोंडाशी साय धरावी तसा बर्फ धरला, मग सगळा कप गोठला. थर्लो अजून हाका मारतच होता. शेवटी पिरीने मला विझवले. पुढे विमानातून माणसे आणि लांब दोर आले, पण तोवर आतून बर्फ ढासळून फट बुजली होती.

डनीडिनला परतल्यावर मला गोदामातल्या फळीवर ठेवले. माझ्या टाकीत उरलेले रॉकेल कुणी काढले नाही. एके दिवशी थर्लो आला, त्याने मला मागून घेतले, गोणपाटात गुंडाळले आणि आगगाडीने ब्लफला नेले.

मेरेहानाचे घर बंदराच्या वरच्या चढावर होते. घर माणसांनी भरले होते. शव नव्हते, म्हणून भिंतीशी एरुएराचा फोटो मांडून भोवती हिरव्या डहाळ्या ठेवल्या होत्या. काळ्या पोशाखातली एक ठेंगणी, रुंद हाडांची बाई त्याच्या शेजारी जमिनीवर बसली होती. तिच्या पाठीशी तिची मुलगी रोइमाता होती. तिला दिवस गेले होते.

थर्लोने घडले तसे सगळे सांगितले. काही लपवले नाही, स्वतःला सावरूनही घेतले नाही. दोर सोडू द्यायला नको होता, हेही त्याने सांगितले. मेरेहाना मधे एकदाही बोलली नाही. सगळे संपल्यावर तिने विचारले,

"त्या जागेचं नाव काय?"

"नाव नाही, बाई. नकाशावर अजून काही नाही. मी अक्षांश-रेखांश देऊ शकतो."

"मला ते घेऊन काय करायचं आहे?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आमची माणसं समुद्रात बुडतात. बुडाली तरी कुठं ते ठाऊक असतं. अमक्या खडकापाशी, तमक्या खाडीच्या तोंडाशी. मी तिकडं बघून बोलते त्यांच्याशी. आता लोक मला विचारतात, एरू कुठं आहे? काय सांगू? बर्फात आहे? बर्फ केवढा आहे, तुम्हीच सांगता."

थर्लोने मान खाली घातली. त्याने हातातली टोपी फिरवली. मग म्हणाला, "त्यानं एक नाव ठेवलं होतं. पण ते थट्टेतलं आहे. या बैठकीत सांगण्यासारखं नाही."

"माझा पोरगा थट्टेशिवाय बोलायचा कधी? सांगा."

थर्लोने सांगितले. वाऱ्याचे, न थांबणाऱ्या बडबडीचे, सगळे. ती गप्प झाली की मला चैन पडत नाही, हे एरुएराचे शब्दही सांगितले. मेरेहानाने तोंडावर शाल घेतली आणि तिचे खांदे हलू लागले. ती रडते आहे असे वाटून रोइमाता पुढे सरकली. ती हसत होती. मग रडलीही.

"खरंच फार बोलतेस तू," रोइमाता हळूच म्हणाली.

तिने डोळे पुसल्यावर थर्लोने तिला सांगितले, की समिती हे नाव मानणार नाही, पण एरुएराचे स्वतःचे नाव त्या खोऱ्याला द्यायला ती आनंदाने तयार होईल. त्याचा तो हक्कच आहे. तो स्वतः अर्ज करणार होता.

मेरेहानाने मान हलवली. "नको. त्याचं नाव मला इथं हवं." तिने रोइमाताच्या पोटाकडे हात केला. "हे नाव या बाळाला द्यायचं आहे. हाक मारली की ओ देणारं कुणीतरी पाहिजे. तुम्ही किती हाका मारल्यात तिथं, काय झालं?"

थर्लोने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"त्याचं नाव घरी राहू द्या," ती म्हणाली, "आणि माझं तिकडं न्या. आई म्हणून तेवढं तरी मला त्याच्या अंगावर घालू द्या."

जाताना थर्लोने गोणपाट सोडून मला पुढे ठेवले आणि एरुएरा मला कसा जपायचा ते सांगितले. मेरेहानाने मला लगेच हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या दिराने, गेलेल्याची वस्तू मोकळी करायची म्हणून, माझ्यावर पाणी शिंपडून प्रार्थना म्हटली, मगच तिने माझी टाकी घासायला घेतली. राखेने घासताना ती माझ्याशी बोलत होती, आणि खरे सांगतो, थांबत नव्हती.

त्या शरदापासून मी बेटावर जाऊ लागलो. मित्रांनो, इतके दिवस नुसता बर्फ वितळवून मी कंटाळलो होतो. आता माझ्यावर बटाटे उकडले, मासळीचे कालवण झाले, पिसे उपटलेली पिल्ले बुचकळायला पाणी तापले. झोपडीत माणसे कोंदून बसायची, चिकट हातांनी गाणी म्हणायची. रोइमाताला मुलगा झाला. तो माझ्याकडे रांगत यायचा आणि मेरेहाना ओरडायची, "एरुएरा, भाजेल!" पहिल्यांदा ते नाव ऐकले तेव्हा कोपऱ्यात बसलेला थर्लो उठून बाहेर गेला.

होय, थर्लो यायचा. दर वर्षी, नोकरीतून रजा काढून. पाखरे धरणे त्याला कधीच जमले नाही, म्हणून मेरेहाना त्याला लाकडे फोडायला लावायची आणि नीट फोडत नाही म्हणून बोलायची. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षापासून ती त्याला अरे-तुरे करू लागली. नावाचे काय झाले, ते तो माझ्यासमोरच सांगत असे. समितीने नकार दिला होता. बाईंनी बर्फ पाहिलेलाही नाही, असे त्यांनी कळवले होते. त्यांचेही अगदी चुकीचे नव्हते. नियम नसता तर सगळा ध्रुव साहेबांच्या मेहुण्यांच्या नावाने भरून गेला असता. थर्लोने पुन्हा अर्ज केला, पुन्हा नकार आला. तिसऱ्यांदा त्याला बोलावून समजावले.

मार्ग पिरीने काढला, तोही न बोलता. त्या खोऱ्यातल्या दगडांवर त्याने जे जे छापले, त्यात सरळ 'मेरेहाना खोरे' असे छापले. मेरेहाना खोऱ्यातला वाळूचा खडक. मेरेहाना खोऱ्यातल्या तळ्याचे क्षार. ते वाचून पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या तुकड्या तिथे गेल्या आणि तळावर बोलताना तेच म्हणू लागल्या. वैमानिकांना सोपे पडले, तेही म्हणू लागले. रेडिओवर विचारणा व्हायची, मेरेहानात वारा कसा आहे? आणि उत्तर यायचे, नेहमीसारखाच. असे करता करता एक दिवस समितीपुढे नवा नकाशा मंजुरीला आला, तेव्हा तिथे जाणाऱ्या कुणालाच त्या खोऱ्याचे दुसरे नाव ठाऊक नव्हते. समितीने ते मंजूर केले.

नकाशा घेऊन थर्लो आणि पिरी दोघेही बेटावर आले. पिरी पहिल्यांदाच येत होता. बाहेर पाऊस होता, मी चहाचे आधण घेऊन फुरफुरत होतो. मेरेहाना आता थकली होती, डोळ्यांना कमी दिसत होते. थर्लोने तिचे बोट धरून नावाच्या अक्षरांवरून फिरवले. मग वर नेऊन एका जागी टेकवले आणि म्हणाला, "इथं."

तिने बोट तिथेच ठेवले. "हे तर खोऱ्याच्या बाहेर आहे."

तेव्हा पिरी बोलला. मी त्याला इतके बोलताना तंबूतही ऐकले नव्हते. त्याने सांगितले, की हिमनदी थांबलेली नसते, आजी. दिसत नाही, पण ती सरकते. एरुएरा जिथे पडला तो बर्फ उतारावरून खाली येतो आहे. त्याला फार काळ लागेल, आपण कुणी तेव्हा नसू, रोइमाताच्या मुलाची नातवंडेही नसतील. पण तो खोऱ्याकडेच येतो आहे. दुसरीकडे जायला त्याला वाटच नाही.

मेरेहानाने बोट हळूहळू त्या जागेवरून स्वतःच्या नावापर्यंत आणले. परत नेले, परत आणले.

"म्हणजे तो अजून चालतोय?"

"हो. अगदी सावकाश."

"येऊ दे सावकाश," ती म्हणाली. "मी कुठं जातेय?"

त्यानंतर थोडेच शरद ती बेटावर आली. आता ती ब्लफच्या टेकडीवर आहे, दक्षिणेला तोंड करून. झोपडीत गॅसच्या शेगड्या आल्या आणि मी पुन्हा फळीवर गेलो. माझा वायसर सुकला आहे, बर्नर साफ करायच्या पिनाही कुठे मिळत नाहीत म्हणे. रोइमाताचा मुलगा मला वर्षातून एकदा पुसतो, तेवढे मला पुरते.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुम्ही जिथे राहता तिथल्या टेकडीला, ओढ्याला, एखाद्या उजाड माळालाही काहीतरी नाव असेल. ते अर्धवट घेऊ नका, गंमत म्हणून बदलू नका. ते कुणी ठेवले, का ठेवले, हे सांगणारी माणसे आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून विचारून घ्या. कुणीतरी त्या नावाकडे तोंड करून आपल्या माणसाशी बोलत असते.